आकडा जरूर लिहा, पण कुठला ते सांगा



दिवाळी होऊन गेली, फराळाचे डबे घासून माळ्यावर गेले, पण माझ्या मनातली एक गोष्ट काही खाली बसेना. म्हणून आज रेसिपी नाही, उपवासाचे पदार्थ नाहीत. आज थोडं भांडायचं आहे. तुमच्याशी नाही, तुमच्या वतीने.

२१ ऑक्टोबर २०२५ ची पहाट. निर्वाण लाडू चढवायला आम्ही मुलुंडच्या आमच्या मंदिरात जमलो होतो. दारावर मोठा बॅनर होता, ‘२५५२ वा निर्वाण महोत्सव’. लाडूचं ताट हातात घेऊन रांगेत उभ्या असताना माझ्या पुढच्या वहिनी म्हणाल्या, “आमच्या सांगलीकडच्या बस्तीत तर २५५१ वा लिहिलंय. काल भावाने फोटो पाठवला.” मागच्या एका तरुण सुनेने मोबाइल काढला. इ.स.पू. ५२७ अधिक २०२५, बरोबर २५५२. “बॅनर बरोबर आहे, काकू.” त्यावर शाळेत गणित शिकवणाऱ्या एक ताई म्हणाल्या, “त्यातला एक वजा करायचा असतो गं.” झालं. पाच मिनिटांत दोन तट पडले. तेवढ्यात मंदिराचे एक जुने कार्यकर्ते आले आणि हसत म्हणाले, “ताई, तुम्ही लाडू बघा. आकडा आम्ही बघतो.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आले आणि मग राग आला.

का आला ते सांगते. अष्टमी-चतुर्दशीला जेवण कोण सोडतं? दशलक्षणात दहा दिवस एकाशन कोण करतं, पर्युषणात अठ्ठाई कोण करतं? घरात कुणाची तिथी कधी, पारणं कधी, हिरवी भाजी कुठल्या दिवशी नाही, हे कुणाच्या डोक्यात असतं? पंचांग चालतं आपल्या पोटावर, आणि त्यातला आकडा मात्र दुसऱ्यांनी बघायचा. वर मौज अशी, की त्या दिवशी रांगेतल्या तिघीही बरोबर होत्या. चूक एकच होती, आणि ती बॅनरची होती. त्यावर आकडा होता, पण तो कशाचा आहे हे लिहिलेलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. वर्षाला नंबर देणं हे माणसाचं काम आहे. कुठून मोजलं आणि कसं मोजलं हे सांगितलं नाही, तर आकडा अर्धाच राहतो. आणि अर्ध्या आकड्यावरून पूर्ण भांडणं होतात.

आधी ते २५५१ आणि २५५२ सोडवू. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही, घरातलं बाळ पुरतं. बाळाचं बारसं बाराव्या दिवशी. तेव्हा जन्माचा दिवस आपण पहिला धरतो. पण पहिला वाढदिवस? तो वर्ष पुरं झाल्यावर. तिथे जन्माचा दिवस मोजत नाही. घर तेच, बाळ तेच, मोजण्याच्या रीती दोन. सुनेला ‘सातवा लागला’ आणि ‘सात पूर्ण झाले’ यांत महिन्याचं अंतर असतं, हे कुठल्याही सासूला सांगावं लागत नाही. पंचांगवाले यालाच ‘वर्तमान’ आणि ‘गत’ वर्ष म्हणतात. आपण म्हणतो लागलं आणि सरलं.

आता परंपरेने इ.स.पू. ५२७ च्या अमावास्येला भगवान महावीरांचं निर्वाण झालं असं धरा. तिथपासून २०२५ च्या दिवाळीपर्यंत किती वर्षं सरली? ५२७ अधिक २०२५ म्हणजे २५५२, त्यातून एक वजा. वजा का? कारण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. आपल्या टॉवरमध्ये खालच्या दुसऱ्या पार्किंगपासून वरच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चार मजले चढावे लागतात, कारण मध्ये तळमजला आहे. इसवी सनाच्या इमारतीला तळमजलाच नाही, म्हणून तिथे तीनच. तेव्हा २०२५ च्या दिवाळीला निर्वाणाला २५५१ वर्षं पूर्ण झाली. सांगलीची बस्ती बरोबर. निर्वाणाचा दिवस हीच पहिली दिवाळी धरली, बारशासारखी, तर यंदाची दिवाळी २५५२ वी. बॅनरही बरोबर. आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, वीर निर्वाण संवत २५५२ लागला.

तुम्ही म्हणाल, एका वर्षाने काय बिघडतं? मग हे बघा. आपल्यापैकी ज्या साठीच्या पुढे आहेत त्यांना १९७४ ची दिवाळी आठवत असेल. २५०० व्या निर्वाण महोत्सवाचं वर्ष तेव्हा सुरू झालं. केवढा सोहळा होता तो! चारही पंथ एकत्र आले, सगळ्यांचा मिळून एक ध्वज आणि एक प्रतीक ठरलं, आणि विनोबांच्या आग्रहातून सर्वमान्य असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ तयार झाला. आता पुढे या. २५५० वं निर्वाण वर्ष सुरू झालं २०२३ च्या दिवाळीला. त्याचा मोठा समारंभ २०२४ च्या महावीर जयंतीला दिल्लीत भारत मंडपममध्ये झाला. १९७४ ते २०२३. बोटं मोजा सख्यांनो. ४९ वर्षं. २५०० ते २५५० मात्र पन्नास. एक वर्ष गेलं कुठे?

कुठेही गेलं नाही. १९७४ ला आपण २५०० ‘सरली’ म्हणून उत्सव सुरू केला. २०२३ ला २५५० वं ‘लागलं’ म्हणून सुरू केला. २००१ मध्ये भगवंतांचं २६०० वं जन्मकल्याणक वर्ष देशभर साजरं झालं, तिथेही इ.स.पू. ५९९ पासून मोजलं तर २६०० वं लागलं होतं, सरलं नव्हतं. दोन्ही रीती चालतात. पण कुठल्या उत्सवाला कुठली रीत धरली हे कुठल्या पत्रिकेवर छापलेलं तुम्ही पाहिलंत? मी नाही पाहिलं. उद्या आपली नात हिशेब करून विचारेल, “आजी, एक वर्ष कमी कसं?” तेव्हा तिला ‘धर्मात असं विचारू नये’ म्हणून गप्प बसवू नका. तिने बरोबर पकडलेलं असेल.

आणि हा आपल्याच घरचा घोळ आहे असं समजू नका. बुद्धांच्या निर्वाणाची २५०० वर्षं भारतात आणि श्रीलंकेत १९५६ साली साजरी झाली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. थायलंडच्या गणनेत मात्र २५०० हे वर्ष १९५७ मध्ये आलं. तेच ते, लागलं आणि सरलं. ख्रिस्ती सनाचं तर विचारूच नका. येशूच्या जन्मापासून म्हणून तो सहाव्या शतकात एका मठवासी संन्याशाने मोजून काढला, आणि आज अभ्यासक म्हणतात की येशूचा जन्म त्या गणनेच्याही काही वर्षं आधीचा असावा. तरी जग त्या सनावर चाललं आहे, विमानं उडताहेत, बँकांचे हप्ते कापले जाताहेत. गणना चालवायला ती सगळ्यांनी सारखी वापरावी लागते. तिची सुरुवात अचूक असावीच लागते असं नाही.

आता एक मजला वर जाऊ. आमच्या इमारतीत आम्ही सांगलीकडचे मराठी दिगंबर, तिसऱ्या मजल्यावर कच्छी, समोर गुजराती श्वेतांबर, आणि वर दोन घरं राजस्थानी. सगळे जैन. पण या वर्षाला विचारा तुझं नाव काय. आम्ही म्हणू शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर. उत्तरेकडच्या पंचांगात साठ संवत्सरांचं चक्र वेगळं चालतं, त्यामुळे तिथे याच वर्षाचं नाव दुसरं. समोरच्या बेन म्हणतील विक्रम संवत २०८२, बेसतुं वरसला लागला. वरच्या भाभी म्हणतील २०८२ तर आमच्याकडे चैत्रातच लागला होता. म्हणजे चैत्रापासून दिवाळीपर्यंत एकाच जिन्यात दोन विक्रम संवत राहत होते, २०८१ आणि २०८२. आणि वीर निर्वाण संवत २५५२ सगळ्यांचा एक. निदान तेवढं एक आपल्या सगळ्यांचं आहे, हे लक्षात ठेवा.

एकमेकांच्या आकड्यांत जायचं कसं, ते एकदा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. वीर संवतातून ४७० वजा केले की गुजराती, म्हणजे कार्तिकापासूनचा विक्रम संवत. कार्तिक ते फाल्गुन ६०५ वजा केले की शक. चैत्रात शक बदलतो, म्हणून चैत्र ते आश्विन ६०४. दिवाळी ते ३१ डिसेंबर ५२७ वजा केले की इसवी सन. जानेवारी ते दिवाळी ५२६. संपलं. एवढ्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही.

वर्षापेक्षा मोठा घोटाळा महिन्याचा. तो माझ्या सासरी झाला, आणि मला आज खरं तर तोच सांगायचा आहे.

आमच्या आजेसासूबाईंचा फोटो हॉलमध्ये आहे. चौकटीखाली रंगाने लिहिलं आहे, ‘वीर सं. २४८४, मार्गशीर्ष कृ. ५’. आपल्यात श्राद्ध नाही, पण त्या तिथीला घरात पूजा, दान, एखाद्या मुलीच्या फीचे पैसे, असं चालत आलं आहे. आम्ही ते आपल्या मार्गशीर्षात करायचो, डिसेंबरच्या सुमारास. आजेसासूबाईंची मुलगी, म्हणजे माझ्या मिस्टरांच्या आत्याबाई, बोरिवलीला राहायच्या. त्यांचं सासर मूळ बुंदेलखंडातलं. त्या आईची तिथी महिनाभर आधी करायच्या. आम्हाला वाटायचं, आत्याबाईंना घाई. त्यांना वाटायचं, माहेरी कुणाला पर्वा नाही. एका लग्नात त्या चारचौघांत बोलून गेल्या, “तुमच्या घरी आईची आठवण महिना उलटल्यावर येते.” माझे सासरेही तापट. म्हणाले, “तुला मराठी महिने विसरायला लावले तुझ्या सासरच्यांनी.” त्या दिवसानंतर बोरिवली ते मुलुंड हे अंतर फारच लांब झालं. राखीला पाकीट यायचं, आत्याबाई यायच्या नाहीत.

आता यात काय होतं ते बघा. आपण मराठी आणि गुजराती लोक महिना अमावास्येला संपवतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच. म्हणून महावीर जयंतीची चैत्र शुद्ध त्रयोदशी सगळीकडे चैत्रच. पण कृष्ण पक्ष आला की उत्तरेचा महिना एकाने पुढे जातो. आपली आश्विन अमावास्या, समोरच्या बेनची आसो वद अमास आणि हिंदी पूजेतली कार्तिक कृष्ण अमावास्या, तिन्ही एकच दिवस. निर्वाणाचा दिवस. त्या दिवसाच्या बाबतीत आपण गोंधळत नाही, कारण दिवे दिसतात. घरातल्या माणसाच्या तिथीला दिवे नसतात.

सासरे गेल्यावर कपाट आवरताना आजेसासूबाईंचा मृत्यूचा दाखला सापडला. त्यावर महिना होता नोव्हेंबर १९५७. हिशेब केला. दिवाळीनंतरचा आणि डिसेंबरअखेरच्या आधीचा दिवस, म्हणून २४८४ वजा ५२७, बरोबर १९५७. म्हणजे वर्ष जुळलं. पण त्या वर्षी आपला मार्गशीर्ष वद्य पक्ष पडला डिसेंबरमध्ये. नोव्हेंबरमध्ये होता आपला कार्तिक वद्य, म्हणजे उत्तरेचा मार्गशीर्ष कृष्ण. चौकटीवरची तिथी कुणीतरी हिंदी पंचांगातून लिहिली होती. आत्याबाई पहिल्यापासून बरोबर होत्या. आम्ही इतकी वर्षं चुकीच्या महिन्यात पूजा करत होतो, आणि वर त्यांनाच नावं ठेवत होतो.

आत्याबाई त्याच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या.

चौकटीवर ‘हिंदी पंचांगाप्रमाणे’ एवढे दोन शब्द असते तर? त्याच्या खाली साधी इंग्रजी तारीख असती तर? म्हणून मला कुणी ‘आकड्यांत काय ठेवलंय’ म्हटलं की मी गप्प बसत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं इंग्रजी शिकलेल्यांचं खूळ आहे, जुन्या लोकांना असल्या गोष्टी लागत नव्हत्या. उलट आहे. जुने लोक आपल्यापेक्षा काटेकोर होते. ऐहोळेच्या मेगुती जिनमंदिरावर रविकीर्ती या जैन कवीचा शिलालेख आहे. मंदिर बांधल्याचं वर्ष त्याने दोन गणनांनी दिलं आहे. भारतयुद्धापासून ३७३५ वर्षं, आणि शक राजांच्या काळाची ५५६ वर्षं. म्हणजे इ.स. ६३४ च्या सुमाराला. नुसता आकडा ठोकून तो मोकळा झाला नाही. कुठून मोजतोय ते त्याने दगडावर कोरलं, आणि तेही दोनदा. म्हणून आज दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. आणि गंमत बघा, जिनमंदिराचा लेख असूनही गणना आजूबाजूच्या सगळ्यांना कळेल अशी वापरली. त्याने त्याचा धर्म बाटला नाही.

दुसरं उदाहरण उद्योतनसूरींच्या ‘कुवलयमाला’चं. मराठी बोलणाऱ्यांचं जुनं वर्णन ज्यात येतं ती हीच. आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवलेले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी ती संपादित केली आणि मुंबईच्या भारतीय विद्या भवनातून ती निघाली. सूरींनी ग्रंथ कधी पूर्ण केला? शके ७०० पुरे व्हायला एक दिवस कमी असताना, चैत्र वद्य चतुर्दशीला. वाचताना आपण अडखळतो, कारण वर्ष तर चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतं, मग चैत्र वद्य वर्षाच्या शेवटी कसा? तर सूरी होते राजस्थानात जालोरला. त्यांचा चैत्र वद्य म्हणजे आपला फाल्गुन वद्य. त्यांनी ‘वर्ष संपायला एक दिवस’ असं लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला महिना ओळखता येतो आणि तारीखही काढता येते. ती येते २१ मार्च ७७९. बाराशे वर्षांपूर्वीच्या साधूंना वाचणाऱ्याची काळजी होती. आमच्या चौकट रंगवणाऱ्याला नव्हती.

आता त्या व्हॉट्सॲपवाल्यांकडे वळते. दर पाडव्याला एक संदेश फिरतो. आमचा संवत सर्वांत जुना, २५५२. इंग्रजांचा फक्त २०२५. म्हणून आम्ही श्रेष्ठ. सख्यांनो, हा संदेश पुढे ढकलण्याआधी हात आवरा. मोठा आकडा असणं म्हणजे श्रेष्ठ असणं असेल, तर कलियुगाची गणना पाच हजारांच्या पुढे आहे. मग काय त्यांच्यापुढे हार मानणार? ज्यांनी अपरिग्रह शिकवला त्यांच्या निर्वाणाच्या आकड्याचासुद्धा आपण परिग्रह करून बसलो. लॉकरमधल्या सोन्यासारखा तो दाखवत फिरतो.

दुसऱ्या टोकाला आपलीच शिकलेली मुलं. त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की इ.स.पू. ५२७ हे साल अभ्यासकांना पूर्ण मान्य नाही. हे खरंच आहे. हेमचंद्राचार्यांच्या ‘परिशिष्टपर्वा’त चंद्रगुप्त मौर्य निर्वाणानंतर १५५ वर्षांनी राजा झाला असं येतं, दुसऱ्या परंपरेने २१५ वर्षांनी. साठ वर्षांचा फरक. याकोबीसारख्या जर्मन पंडिताने त्यावरूनच निर्वाणाचा काळ अलीकडे ओढला. मुलं एवढं वाचतात आणि म्हणतात, “मम्मी, तुमचं वीर संवत सगळं बनावट.” अरे, बनावट कसं? हा फरक जगाला कळला तो आपल्याच आचार्यांच्या ग्रंथांतून ना?

आणि एवढाच नाही. पर्युषणात श्वेतांबर भगिनी ज्या कल्पसूत्राचं वाचन ऐकतात, त्यातच निर्वाणानंतर ९८० वर्षं झाली असं म्हटलं आहे, आणि लगेच दुसऱ्या पाठाने ९९३ हेही. दोन्ही आकडे तसेच ठेवले आहेत. आपल्या दिगंबर परंपरेतल्या ‘तिलोयपण्णत्ती’त निर्वाण आणि शक राजा यांच्यातल्या अंतराचे एकाहून जास्त आकडे नोंदवले आहेत, त्यातला ६०५ वर्षं ५ महिने हा पुढे रूढ झाला. हा ग्रंथ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने छापला आहे. आणि अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी जो ‘धवला’ प्रकाशात आणला, त्यात वीरसेन स्वामी काय करतात बघा. ते निरनिराळी तीन मतं मांडतात आणि म्हणतात की ही तिन्ही खरी असू शकत नाहीत, एकमेकांना ती छेदतात. यातलं एकच खरं असेल, तेव्हा नीट जाणून मग बोलावं. केवढा मोठा माणूस, आणि आकड्याच्या बाबतीत केवढी नम्रता! आणि आम्ही बॅनरवरून तावातावाने भांडतो.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल, “अगं, आपला अनेकान्त आहे ना? सगळेच बरोबर.” नाही हो. हा अनेकान्ताचा आळशी अर्थ आहे. भांडण टाळायला आपण तो पांघरुणासारखा ओढतो. ‘स्यात्’ म्हणजे ‘असेलही कदाचित’ नव्हे. ‘अमुक एका दृष्टीने’ असा त्याचा अर्थ. ती दृष्टी कुठली हे सांगणं ही अट आहे. २५५१ बरोबर, ‘सरलेली वर्षं’ या दृष्टीने. २५५२ बरोबर, ‘कितवी दिवाळी’ या दृष्टीने. मार्गशीर्ष बरोबर, हिंदी पंचांगाच्या दृष्टीने. दृष्टी सांगितली की भांडण मिटतं. दृष्टी लपवली की प्रत्येक आकडा दुराग्रह होतो. आणि वीरसेन स्वामींच्या त्या तीन मतांसारखं जिथे दृष्टी एकच आणि उत्तरं वेगळी, तिथे सगळी बरोबर म्हणून चालत नाही. शोधावं लागतं, आणि सापडेपर्यंत आवाज खाली ठेवावा लागतो.

मग आपण काय करायचं? मी तीन गोष्टी मागते, फार नाहीत.

एक. घरात जी तिथी लिहाल, म्हणजे फोटोच्या चौकटीवर, वंशावळीत, मंदिरात दिलेल्या दानाच्या फरशीवर, तिच्यापुढे कुठलं पंचांग ते लिहा. आपलं अमान्त की उत्तरेचं पौर्णिमान्त. आणि खाली इंग्रजी तारीख. इंग्रजी तारखेने धर्म बुडत नाही. आमचं नातं मात्र ती नसल्यामुळे बुडालं.

दोन. लग्नपत्रिका, महोत्सवाची पत्रिका, बॅनर, जिथे वीर संवत येईल तिथे ‘वर्ष लागले’ की ‘वर्षे पूर्ण’ हे सांगा. एक शब्द. छपाईवाला त्याचे जास्त पैसे घेत नाही. मी विचारलंय.

तीन. महिला मंडळाच्या पुढच्या स्वाध्यायात एक दिवस पंचांगासाठी ठेवा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठेही असा. आपल्यात मराठी, गुजराती, कच्छी, मारवाडी सगळ्या आहेत. प्रत्येकीने आपल्या घरचं पंचांग आणावं आणि एकच दिवस सगळ्यांत शोधावा. एका तासात जेवढा अनेकान्त कळेल तेवढा दहा व्याख्यानांत कळणार नाही. आणि सुनांना, मुलींना सोबत आणा. रांगेत मोबाइल काढून बेरीज करणाऱ्या त्या सुनेला कुणी गप्प करू नका. तिची बेरीज बरोबर होती; फक्त ती बेरीज कशाची, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या कार्यकर्त्या काकांना मी नंतर भेटले. भांडले नाही. नमस्कार केला आणि म्हटलं, “काका, पुढच्या वर्षीच्या बॅनरवर ‘निर्वाणास २५५२ वर्षे पूर्ण’ असं लिहू या. तेव्हा ते खरं असेल.” त्यांनी बोटांवर मोजलं, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “लिहून द्या ताई.” लिहून दिलं आहे.

आणि आमच्या घरातल्या चौकटीखाली मी माझ्या हाताने एक पट्टी चिकटवली आहे: ‘हिंदी पंचांगाप्रमाणे. मराठी कार्तिक वद्य ५. नोव्हेंबर १९५७.’ यंदा पूजा नोव्हेंबरात केली. आत्याबाईंच्या सुनेला बोरिवलीला फोन केला. ती आली, सोबत मुलांना घेऊन आली. आत्याबाईंचा फोटोही आता आजेसासूबाईंच्या शेजारी लावला आहे. त्याच्याखाली तिथी, पंचांगाचं नाव आणि तारीख, तिन्ही लिहिलेलं आहे.

तुमच्या घरातल्या चौकटी आज एकदा काढून बघा. आणि ज्यांना विचारता येईल अशी माणसं आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या.

जय जिनेंद्र.